हॉथॉर्नचा प्रयोग: कामगारांचा उत्साह नेमका कशाने वाढला?



पीएच.डी. प्रवेश परीक्षेची तयारी करत असाल तर 'हॉथॉर्न परिणाम' हा शब्द तुमच्या नोट्समध्ये असणारच. संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये त्यावर एखादा प्रश्न येतो आणि उत्तरही ठरलेलं असतं: आपल्याकडे कोणी लक्ष देतंय हे कळलं की माणसाचं वागणं बदलतं. मीही तेच पाठ केलं, योग्य पर्यायावर खूण केली आणि विसरून गेले.

पुढे कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये हाच विषय माझ्या वाट्याला आला. मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. व्यवस्थापनशास्त्राचं एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो प्रयोगशाळेतला: या प्रयोगाचे आकडे कुठे आहेत? त्यांच्या मागे लागले आणि लक्षात आलं की आपण पाठ केलेली गोष्ट आणि कारखान्यात घडलेली गोष्ट यांत बरंच अंतर आहे. आज तेच सांगते. कर्मचाऱ्यांना कामात रस कसा वाटेल, ते मनापासून काम कसं करतील, यावर आज ऑफिसांमध्ये जे काही शिकवलं जातं त्याची एक मोठी मुळी या कारखान्यात जाते. त्यामुळे गोष्ट जुनी असली तरी कामाची आहे.

कारखाना आणि प्रश्न

अमेरिकेत शिकागो शहराला लागून सिसेरो नावाचं गाव आहे. तिथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. टेलिफोन आणि टेलिफोन एक्स्चेंजला लागणारी सगळी यंत्रसामग्री इथे बनायची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे ४०,००० लोक काम करत होते. म्हणजे एका कारखान्यात एका तालुक्याच्या गावाएवढी माणसं!

त्या काळात व्यवस्थापनावर फ्रेडरिक टेलरच्या विचारांचा पगडा होता. त्याचं वैज्ञानिक व्यवस्थापनावरचं पुस्तक १९११ साली आलं. कामाचे छोटे तुकडे करा, घड्याळ लावून प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो ते मोजा, उत्तम पद्धत ठरवा आणि जास्त काम करणाऱ्याला जास्त मजुरी द्या, असा त्याचा थोडक्यात सल्ला. माणूस कशासाठी काम करतो या प्रश्नाचं उत्तर टेलरच्या लेखी सोपं होतं: पैशासाठी.

हॉथॉर्नमध्ये सुरुवात मात्र पैशाने झाली नाही, दिव्याने झाली.

दिव्याचा प्रयोग (१९२४ ते १९२७)

विजेच्या दिव्यांचा उद्योग तेव्हा वाढत होता. कारखान्यात उजेड वाढवला तर उत्पादन वाढतं हे सिद्ध झालं असतं तर दिव्यांचा खप वाढणार होता. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने हा अभ्यास हाती घेतला आणि त्याला या उद्योगाचा पाठिंबा होता. प्रश्न कोण विचारतंय आणि कोणत्या उत्तराने कोणाचा फायदा होणार आहे, हे संशोधकाने पहिल्या पानावरच बघावं, म्हणून हे सांगितलं.

पुढे पुस्तकांत आलेलं वर्णन असं आहे. एका गटाचा उजेड बदलला, दुसऱ्याचा तसाच ठेवला. दोन्ही गटांचं उत्पादन वाढलं. मग एका गटाचा उजेड १० फूट-कँडलपासून एकेकाने कमी करत ३ पर्यंत आणला. तरी काम सुरूच. शेवटी कामगारांनीच तक्रार केली की आता हातातलं दिसत नाही. दोघीजणींनी तर चांदण्याएवढ्या उजेडात, म्हणजे ०.०६ फूट-कँडलमध्ये, वेटोळी गुंडाळण्याचं काम नेहमीच्या वेगाने केलं. एकदा तर कामगारांसमोर दिवे बदलले, पण नवे दिवे तेवढ्याच ताकदीचे होते. तरी त्या म्हणाल्या, आता बरं दिसतंय!

दिव्यांच्या उद्योगाला हवं होतं ते उत्तर मिळालं नाही. कंपनीला मात्र कुतूहल वाटलं. उजेडाने नाही, तर कशाने?

पाच जणींची खोली (१९२७ पासून)

म्हणून कंपनीने पुढचा प्रयोग स्वतः सुरू केला. रिले जोडणाऱ्या पाच तरुणी आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी सहावी, अशा सहा जणींना एका वेगळ्या खोलीत बसवलं. रिले म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधला एक छोटा विद्युत स्विच. त्यात सुमारे ३५ भाग असायचे आणि तो जोडायला साधारण एक मिनिट लागायचं. तयार झालेला रिले घसरपट्टीत टाकला की एका यंत्रात कागदी पट्टीवर भोक पडायचं. त्यामुळे कोणी कधी किती रिले जोडले याची मिनिटामिनिटाची नोंद आपोआप व्हायची. शिवाय खोलीचं तापमान, दमटपणा, मुली किती तास झोपल्या, काय जेवल्या, हेही लिहून ठेवत. १९२७ साली एवढा डेटा! मला तर हेवाच वाटला.

मग टप्प्याटप्प्याने बदल केले:

- पहिले दोन टप्पे फक्त नोंदीचे. पहिला तर मुलींना न सांगता, त्यांच्या जुन्याच विभागात.
- तिसऱ्या टप्प्यात मजुरीची पद्धत बदलली.
- चौथ्यात पाच-पाच मिनिटांच्या दोन विश्रांती, पाचव्यात त्या दहा-दहा मिनिटांच्या केल्या.
- सहाव्यात पाच मिनिटांच्या सहा विश्रांती. ही मुलींना आवडली नाही, कामाची लय तुटते म्हणाल्या.
- सातव्यात सकाळच्या सुट्टीत कंपनीतर्फे खाणं.
- आठव्या-नवव्यात दिवस अर्धा तास, मग एक तास लवकर संपला. दहाव्यात पुन्हा सातव्यासारखं.
- अकराव्यात शनिवारची सकाळही सुट्टीची.
- बाराव्यात सगळ्या सवलती काढून घेतल्या. पुन्हा ४८ तासांचा आठवडा, विश्रांती नाही, खाणं नाही.

गोष्टीतला प्रसिद्ध क्षण हा बारावा टप्पा. सगळं काढून घेतलं तरी आठवड्याचं एकूण उत्पादन खाली आलं नाही. उलट तोवरच्या सर्व टप्प्यांपेक्षा वर गेलं. तेराव्यात विश्रांती परत दिली आणि उत्पादन आणखी चढलं. सुमारे दोन वर्षांत वाढ जवळजवळ ३० टक्के झाली.

१९२८ पासून हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो या कामात आले. त्यांनी लावलेला अर्थ असा: या मुलींना विश्वासात घेतलं, त्यांचं मत विचारलं, दरडावणारा मुकादम डोक्यावर नव्हता, त्यांचा एक जिव्हाळ्याचा गट तयार झाला. म्हणून काम वाढलं. पैसा आणि विश्रांती दुय्यम, मानवी संबंध मुख्य. टेलरला हे मोठं उत्तर होतं. १९३९ साली रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी या सगळ्या प्रयोगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि ही मांडणी जगभर पोहोचली.

इथे जरा थांबा

माझ्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट सांगते. माझ्या जिवाणूंची वाढ एका आठवड्यात अचानक छान दिसायला लागली. मी तापमान बदललं होतं, त्यामुळे खुशीत आलेख घेऊन गाईड मॅडमकडे गेले. त्यांनी नोंदवही चाळली आणि विचारलं, "माध्यमाचा नवा डबा कधी उघडलास?" त्याच आठवड्यात. "मग वाढ कशाने झाली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन आठवड्यांचं काम परत केलं.

आता तोच प्रश्न घेऊन वरच्या खोलीत जाऊ.

पहिली गोष्ट मजुरीची. जुन्या विभागात मुलींना नगावर मजुरी होती, पण हिशोब सुमारे शंभर जणींच्या गटाचा एकत्र व्हायचा. एकीने जीव तोडून काम केलं तरी तिच्या हातात जवळजवळ काहीच जास्त पडत नसे. तिसऱ्या टप्प्यात हिशोब फक्त त्यांच्या छोट्या गटाचा झाला. आता केलेलं काम सरळ पाकिटात दिसू लागलं. हा बदल पुढे कधीही मागे घेतला नाही. बाराव्या टप्प्यात 'सगळं काढून घेतलं' असं आपण म्हणतो, पण नवी मजुरी चालूच होती!

दुसरी गोष्ट माणसांची. जानेवारी १९२८ मध्ये पाचपैकी दोघींना खोलीतून काढून परत विभागात पाठवलं. कारण? फार बोलतात, सहकार्य करत नाहीत. त्यांच्या जागी दोन चपळ कामगार आणल्या. त्यातली एक लवकरच सगळ्यांत पुढे गेली आणि बाकीच्यांनाही ओढू लागली. तिच्यावर घराची जबाबदारी होती, तिला पैशांची गरज होती. आता सांगा, पाचपैकी दोन नमुने मध्येच बदलून आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच रेषेत जोडलेले तुमचे गाईड चालवून घेतील का? शिवाय 'दरडावणारं कोणी नव्हतं' या वाक्याचं काय? जास्त बोललं तर बाहेर काढतात, हे उरलेल्या तिघींनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिसरी गोष्ट मोजमापाची. बाराव्या टप्प्यात आठवड्याचं एकूण उत्पादन वाढलं, पण कामाचे तासही वाढले होते. तासाला किती रिले हे पाहिलं तर आकडा आधीपेक्षा थोडा उतरला होता. एकूण बघायचं की ताशी, यावर निष्कर्ष बदलतो.

संशोधकांना मजुरीचा मुद्दा सुचला नव्हता असं नाही. १९२८ साली त्यांनी रिले जोडणाऱ्या दुसऱ्या पाच जणींची फक्त मजुरीची पद्धत बदलून पाहिली. उत्पादन सुमारे १२-१३ टक्के वाढलं. विभागातल्या बाकीच्या कामगार कुरकुरू लागल्या, म्हणून प्रयोग काही महिन्यांत बंद करावा लागला. जुनी पद्धत आल्यावर उत्पादन खाली आलं. अभ्रकाचे पापुद्रे सोलणाऱ्या आणखी एका गटाला मजुरी न बदलता विश्रांती दिली, तर तिथे ताशी वाढ सुमारे १५ टक्के. यावरून पैसा हे एकमेव कारण नाही असा निष्कर्ष काढला. निष्कर्षात तथ्य असेलही. पण वेगळं काम, वेगळी माणसं, मजुरीचा वेगळा हिशोब असलेल्या गटांचे टक्के एकमेकांतून वजा करता येतात का, हा प्रश्न तुम्ही सेमिनारमध्ये विचाराल अशी आशा आहे.

चौदा पुरुषांची खोली (१९३१ ते १९३२)

याच कारखान्यातला आणखी एक अभ्यास परीक्षेच्या नोट्समध्ये एका ओळीत संपतो. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नऊ तारा जोडणारे, तीन डाख देणारे, दोन तपासनीस. त्यांना वेगळ्या खोलीत ठेवून एक निरीक्षक फक्त पाहत बसला.

इथेही कोणीतरी लक्ष देत होतं. इथेही जास्त कामाला जास्त मजुरी होती. पण उत्पादन वाढलं नाही. कंपनीच्या हिशोबाने दिवसाला ७,३१२ जोडण्या व्हायला हव्यात, पण या लोकांनी आपसात ठरवलं होतं की दिवसाला सुमारे ६,००० ते ६,६०० म्हणजे पुरे. त्याहून जास्त करणारा तो दर पाडणारा. फार कमी करणारा तो कामचुकार. साहेबांपर्यंत गोष्टी नेणारा तो चुगलखोर. कोणी वेग वाढवलाच तर शेजारचा उठून त्याच्या दंडावर एक ठोसा लगावायचा. निरोप समजायचा.

असं का? जास्त काम करून दाखवलं की कंपनी दर कमी करेल, किंवा एवढ्या कामाला इतकी माणसं कशाला म्हणून काहींना घरी पाठवेल, ही भीती. आता सालाकडे पाहा. १९२९ च्या अखेरीस महामंदी सुरू झाली होती आणि हॉथॉर्नमधल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. मेयोंच्या परंपरेतल्या अभ्यासकांनी या वागण्याला गटाच्या भावनांचा भाग मानलं, हिशोबी विचार मानला नाही. पुढच्या टीकाकारांनी विचारलं: काम लवकर संपवलं तर नोकरी लवकर जाईल अशी स्थिती असताना हळू काम करणं यात भावनिक काय आहे? हा तर साधा व्यवहार झाला.

गोष्ट घट्ट होत गेली, आकडे मागे राहिले

'हॉथॉर्न परिणाम' हा शब्द १९५० च्या दशकात रूढ झाला, म्हणजे प्रयोग संपून वीसेक वर्षं झाल्यावर. गोष्ट छान होती: दिवा वाढवा, काम वाढतं, दिवा कमी करा, काम वाढतं, कारण कोणीतरी लक्ष देतंय. मॅनेजरच्या दृष्टीने तर सोन्याहून पिवळी. लक्ष द्यायला पैसे लागत नाहीत!

आकड्यांकडे लोक हळूहळू परतले. १९६७ साली ॲलेक्स केरी यांनी रिलेच्या खोलीतल्या पुराव्यावर सडकून टीका केली. १९७४ साली 'सायन्स' या नियतकालिकात पार्सन्स यांनी दाखवलं की मुलींना आपलं काम किती झालं ते दिवसभर कळत होतं आणि त्यावर मजुरी ठरत होती. या दोन गोष्टी मिळून बरंच काही सांगून जातात. १९७८ साली फ्रँके आणि कौल यांनी मूळ आकड्यांचं संख्याशास्त्रीय विश्लेषण केलं. त्यांच्या मते उत्पादनातल्या फरकाचा मोठा भाग दोघींना काढण्यासारखी शिस्त, मंदी आणि विश्रांती यांनीच समजावता येतो.

आणि दिव्याचा प्रयोग? त्याचे मूळ आकडे नष्ट झाले असंच मानलं जायचं. लेविट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी ते ग्रंथालयांतल्या जुन्या कागदपत्रांतून शोधून काढले आणि २०११ साली विश्लेषण प्रसिद्ध केलं. एक साधी गोष्ट सापडली. उजेडातले बदल कारखाना बंद असताना, रविवारी केलेले होते. सोमवारी उत्पादन शनिवारपेक्षा जास्त. पण उजेड बदलला नव्हता त्या आठवड्यांतही सोमवारी उत्पादन वाढायचंच! काही सूक्ष्म परिणाम असू शकतो असं त्यांनी म्हटलं, पण पुस्तकातली ती ठसठशीत गोष्ट आकड्यांत नव्हती.

मग मॅनेजरने काय करायचं?

याचा अर्थ कामगारांकडे लक्ष देऊन उपयोग नाही, असा काढू नका. तीही घाई होईल. रिलेच्या खोलीतल्या मुलींना ते वातावरण खरंच आवडत होतं, त्या एकमेकींचं काम सांभाळून घ्यायच्या, हे नोंदींत आहे. मला आकड्यांतून दिसतं ते एवढंच: त्या खोलीत लक्ष एकटं आलं नव्हतं. केल्या कामाचा मोबदला हातात पडणं, विश्रांती, बदल करण्यापूर्वी विचारणं आणि 'सहा वेळा सुट्टी नको' म्हटल्यावर ती बदलणं, हे सगळं बरोबर आलं. चौदा पुरुषांच्या खोलीत लक्ष होतं, पण उद्याची खात्री नव्हती. तिथे उत्साह वाढला नाही.

पुढे काय झालं तेही बघा. १९२८ ते १९३० या काळात कंपनीने सुमारे २१,००० कामगारांच्या मुलाखती घेतल्या. मन मोकळं केल्याने लोकांना बरं वाटतं असं दिसलं. मग १९३६ पासून खास समुपदेशक नेमले. ते कामगाराचं सगळं ऐकून घ्यायचे, पण तक्रार सोडवायचा अधिकार त्यांना नव्हता. हा उपक्रम १९५६ साली बंद झाला. ऐकणं आणि करणं वेगळं केलं की काय उरतं, हे ज्यांनी ऑफिसात दरवर्षी 'तुमचं मत महत्त्वाचं आहे' असा फॉर्म भरलाय त्यांना मी सांगायला नको.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या देशातलं आहे. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. स्वयंचलित माग आणूनही अपेक्षित उत्पादन होत नव्हतं. २२४ मागांवर २९ माणसं बारा वेगवेगळ्या कामांत वाटलेली होती आणि कोण कोणाबरोबर काम करतंय याचा मेळ नव्हता. काही मागांची पूर्ण जबाबदारी एका छोट्या गटाला द्यावी ही कल्पना राइस यांनी मांडली. कामगारांनी ती उचलली आणि गट स्वतःच ठरवले. स्थिर झाल्यावर कार्यक्षमता वाढली आणि कापडाचं नुकसान कमी झालं. इथे कामगारांना अधिकार मिळाला होता. १९७० च्या सुमारास पुन्हा पाहिलं तेव्हा ही पद्धत काही ठिकाणी टिकली होती, काही ठिकाणी परिस्थिती बदलल्यावर विरघळली होती. म्हणजे एकदा दिलेली गोष्ट सांभाळावीही लागते.

तुमच्यासाठी चार गोष्टी

१. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या असतील तर निष्कर्षात दोन्ही लिहा. आवडती एकच निवडू नका.

२. नमुना मध्येच बदलला तर ते ठळक लिहा. हॉथॉर्नवाल्यांनी दोघींना काढल्याचं लपवलं नव्हतं, ग्रंथात आहे. वाचणाऱ्यांनीच ते पान उलटलं.

३. तुमचा सोमवार शोधा. प्रयोग नसताना तुमचे आकडे कसे हलतात, हे आधी माहीत हवं.

४. कच्च्या नोंदी जपून ठेवा. ऐंशी-नव्वद वर्षांनी कोणीतरी त्या उघडेल आणि तुमचं चुकलं असेल तर सांगेल. ही विज्ञानाची कृपा आहे, अपमान नाही.

परीक्षेत तो प्रश्न आला तर ठरलेल्या पर्यायावरच खूण करा, मार्क सोडू नका. पण पुढे कधी तुमच्या हाताखाली दोन एम.एस्सी.चे विद्यार्थी काम करायला आले आणि त्यांचा उत्साह उतरलेला दिसला, तर 'मी त्यांच्याकडे लक्ष देते ना' एवढ्यावर समाधान मानू नका. फेलोशिप वेळेवर मिळतेय का, सुट्टी घेता येते का, पेपरवर नाव येणार याची खात्री आहे का, हे आधी विचारा. आणि उत्तर आलं की त्याचं काहीतरी करा.

पुढच्या लेखात कंट्रोल गट कसा निवडायचा ते बघू. तोवर नोंदवहीवर तारीख टाकायला विसरू नका!